मु. पो. जेवणाचं टेबल

मु. पो. जेवणाचं टेबल
३ फेब्रुवारी

वहिनी,

सरसेनापतींचा टाचा जुळवून नमस्कार. दादा मला या नावाने हाक मारायचा तेव्हा तुम्ही तोंडात टाचण्या धरून हसायचात. आता तसं म्हणायला कोणी उरलं नाही, म्हणून मीच स्वतःला म्हणून घेतो.

वरचा पत्ता वाचून दचकू नका, घर बदललेलं नाही. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून मी फक्त टेबलापाशी राहायला आलोय. तुमची धाकटी जाऊ आणि मी सध्या ताटं मांडीवर घेऊन जेवतो. काल तिच्या मांडीवर सूप सांडलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त प्रश्नार्थक वाक्यांत बोलते.

कपाटावरचे खोके खाली काढलेत. हो, तेच. दादाचे आणि माझे नेपोलियनच्या काळातले शिशाचे सैनिक. तुम्ही शिवलेली हिरवी चादर टेबलावर पसरली आहे, खाली पुस्तकं सारून टेकड्या केल्या आहेत. पण या वेळी मी थेट लढाईला हात घातलेला नाही. दादाला धीर नव्हता, खोका उघडला की त्याचं घोडदळ सुटलंच. मी आधी मोहीम मांडली आहे. म्हणजे भिंतीवर नकाशा: एक खोरं, नदी, दोन पूल, एक जंगल. निळे कोटवाले माझे, पांढरे कोटवाले शत्रूचे. दोन्ही फौजा नकाशावर चालत येणार, आणि जिथे गाठ पडेल ते मैदान टेबलावर मांडायचं. वाटेत जे दमले, उपाशी राहिले, मागे पडले, ते लढाईला नाहीत. खरी गंमत चालण्यातच आहे, हे मला या वयात कळतंय.

अडचण एकच, शत्रूही मीच आहे. मी डाव्या पुलावरून येणार हे त्याला आधीच ठाऊक, कारण त्याने तळ माझ्याच डोक्यात ठोकलाय. मग त्याचे निर्णय फाशांवर सोपवले. फाशांनी त्याला त्याच पुलावरून पलीकडे नेलं, अलीकडे आणलं, पुन्हा पलीकडे नेलं. फौज आहे की पाय मोकळे करायला निघालेला पेन्शनर, तेच समजेना. फाशांना अक्कल नसते, वहिनी. मला शत्रू हवाय तो माणसासारखा.

असो. तुमचं काय चाललंय? फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. सविस्तर लिहा. कुठे कुठे गेलात, कोणत्या रस्त्याने, डावीकडे वळलात की उजवीकडे, सगळं.

आणि बारा एप्रिल लक्षात ठेवा. तुमच्या धाकटीला साठ पूर्ण होतात. त्या दिवशी सगळ्यांनी याच टेबलावर बसून जेवायचं, असा तिचा हुकूम आहे. तोवर लढाई उरकली नाही तर सैनिक भंगारात आणि मी गॅलरीत. तुम्ही नाही आलात तर ती मलाच जबाबदार धरेल.

तुमचा
सरसेनापती


मु. पो. शिवणयंत्र
१२ फेब्रुवारी

भावजी,

डावीकडे वळले की उजवीकडे, हे विचारायला तुम्ही वाहतूक पोलीस कधीपासून झालात?

तरी सांगते, नाहीतर पुन्हा चार पानं विचाराल. सोमवारी उजवीकडे. बेकरी, पुढे कालव्यावरचा पूल, पलीकडे वाचनालय. मी मागच्या वेळचं पुस्तक उशिरा परत केलं म्हणून तिथल्या बाईंनी मला डोळे वटारून दाखवले, मीही वटारले. बुधवारी डावीकडे, चांभाराकडे, टाच बसवायला. शुक्रवारी पुन्हा पूल ओलांडून बागेपर्यंत. बागेतल्या बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांच्या कोटाची बाही अशी कापलेली होती की मला जागच्या जागी उसवून द्यावीशी वाटली. जन्मभर कोट शिवले, आता दुसऱ्यांचे बघून रक्त आटवते.

त्यावरून आठवलं. लढाईला पांढरा कोट? चिखलात, घोड्यांत, दारूच्या धुरात? शिवणाऱ्याचं जाऊ द्या, धुणाऱ्याचा विचार केला होता का कोणी? तुमच्या त्या शत्रूबद्दल मला आत्तापासूनच कणव वाटायला लागली आहे.

तुमचे दादा हरले की म्हणायचे, फासे वाकडे. जिंकले की फाशांचं नाव नाही. तुम्ही एकट्याने खेळता हे वाचून बरंही वाटलं आणि कसंतरीही. खोके उघडे आहेत हे बरंच.

बाराला येते. केक मी करून आणेन. धाकटीला सांगा, तिच्या ओव्हनवर माझा भरवसा नाही.

वहिनी


मु. पो. जेवणाचं टेबल
२० फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र आलं आणि काय सांगू, पांढऱ्यांमध्ये जीव आला! सोमवारी त्यांनी उजवा पूल ओलांडला. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. मग मधेच डावीकडे एक तुकडी पाठवली, माझे हेर तिकडे धावले, आणि शुक्रवारी मुख्य फौज पुन्हा उजवीकडून थेट माझ्या रसदीच्या रस्त्यावर. असा शत्रू मला दादाच्या वेळेपासून मिळाला नव्हता. कुठून मिळाला ते विचारू नका, लष्करी गुपित आहे.

सोबत कापसात गुंडाळून त्या पांढऱ्यांचा सेनापती पाठवतोय. घोड्यासकट. दुकानातल्या जुन्या भिंगाखाली रंगवलाय, डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा आहेत. तुम्ही कोट तपासा आणि निःपक्षपाती मत द्या. परतीची घाई नाही, त्याच्या जागी मी सध्या बुद्धिबळातला उंट उभा केलाय.

आणि पत्र लवकर लिहा. कुठे गेलात, काय आणलंत. बारीकसारीक सगळं.

तुमचा
सरसेनापती

ता. क. ही विचारतेय की केक कोणता. मला विचारलं तर चॉकलेटचा. मला कोणी विचारत नाही.


मु. पो. खिडकी
४ मार्च

भावजी,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. कुठे गेले नाही. पाय जरा कुरकुरतोय, हवा बदलली की तो असं करतोच.

तुमचा सेनापती पोचला. बटणं उजव्या बाजूला हवीत, पुरुषाचा कोट आहे. तुम्ही त्याला बाईचा कोट घातलाय. बाकी चेहरा छान उतरलाय, जरा घाबरल्यासारखा दिसतो, पण शोभतं त्याला. मी त्याचं नाव पांढरोबा ठेवलंय. खिडकीच्या कट्ट्यावर उभा केलाय, दोघं मिळून रस्ता बघतो.

बाराचं बघू. अजून अवकाश आहे.

वहिनी


मु. पो. जेवणाचं टेबल
११ मार्च

वहिनी,

काय बेरकी माणूस आहे हा पांढरोबा! (नाव एकदम पसंत.) त्याने नदीकाठी तळ ठोकलाय तो हलायलाच तयार नाही. आधी मला वाटलं घाबरला. मग विचार केला, एवढा तरबेज सेनापती उगाच बसणार नाही. नक्की कसला तरी डाव आहे. कुमक येणार असेल, किंवा मला पुलापर्यंत खेचून मग बगलेवर घाव घालणार असेल. मी दोन्ही पुलांवर तोफा लावल्या, टेकडीमागे राखीव घोडदळ दडवलं आणि हेर पाठवले. हेर म्हणतात, तळात शेकोट्या जळताहेत, हालचाल शून्य. याला म्हणतात संयम! दादाला हे जन्मात जमलं नसतं.

मीही खंदक खणून बसलोय. बघू कोण आधी उठतं.

पायाला शेक द्या. तेल लावा.

तुमचा
सरसेनापती

वहिनी, मी धाकटी. हे पेटीत टाकायला मला दिलं म्हणून खाली चार ओळी घुसडते. यांचं लष्करी गुपित तुम्हाला कळायलाच हवं. हे शत्रूची फौज तुमच्या पत्रांवर चालवतात. तुम्ही पूल ओलांडला की शत्रूने पूल ओलांडला. तुम्ही चांभाराकडे गेलात की शत्रूची तुकडी डावीकडे. गेल्या पत्रात तुम्ही घरी बसलात, म्हणून तिकडे फौज बसलीय आणि इकडे हे. माझं टेबल अडकलंय. वहिनी, हात जोडते, जरा बाजारात जाऊन या. मांडीवर ताट घेऊन माझी मांडी चपटी झाली.


मु. पो. सगळीकडे
१७ मार्च

भावजी,

वा! म्हणजे मी इकडे वांगी आणायला जाते आणि तिकडे शेकडो माणसं माझ्यामागे तोफा ओढत निघतात? मला एका शब्दाने विचारायचं तरी! उद्या मी उगाच रस्ता चुकले असते तर त्या बिचाऱ्यांचं काय झालं असतं? आणि माझ्या पत्रांतलं खाजगी असं काही उरलंय का, की टाच बसवली तीही नकाशावर?

बरं. धाकटीच्या मांडीसाठी म्हणून सांगते. आठवडाभर मी पायाला भिंगरी लावून फिरतेय. मंगळवारी बाजार. फळवाल्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल वाढत चाललंय, आता बशीएवढं झालं. बेकरीच्या कापडी छताला वरून ठिगळ लावलंय, तेही वाकडं, आणि त्यावर कबुतरांची नक्षी. बुधवारी पाऊस आला, तर चौकात दोन छत्र्या एकमेकींत अडकल्या, एक लाल आणि एक ठिपक्यांची, आणि सुटेचनात. सगळा रस्ता थांबून बघत होता. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गायनबाईंनी नवी टोपी घेतली आहे, तिच्यावर कोबीएवढं फूल. गुरुवारी बस गेली तिच्या टपावर चप्पल पडली होती. एकच. कोणाची असेल, वर कशी गेली असेल, याचा विचार करत मी दिवस काढला.

घ्या. आता पळवा तुमची फौज.

वहिनी

बाराचं अवघड दिसतंय. इथे कामं फार आहेत.


मु. पो. जेवणाचं टेबल
२४ मार्च

वहिनी,

पत्र वाचून मी खूश होऊन नकाशापाशी गेलो. पांढरोबाला बाजाराच्या दिशेने हलवायला टाचणी उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो. ही म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, चप्पल.

बसच्या टपावरची चप्पल बघायला तुमची उंची किती आहे, वहिनी?

माझा सगळा जन्म लोकांना कुठून काय दिसतं, काय दिसत नाही, याच धंद्यात गेला. फळवाल्याच्या टाळूचं टक्कल समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला फळवाल्याच्या मिशा दिसतात. कापडी छताचं ठिगळ, छत्र्यांचे रंग, टोपीवरचं फूल. तुमच्या अख्ख्या पत्रात एकाही माणसाला चेहरा नाही. सगळं वरून. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून.

मला हे लगेच ओळखू आलं, कारण माझंही तेच आहे. सैनिकांचे चेहरे रंगवायला मी डोळे फोडले. पण खेळताना टेबलावर वाकलो की दिसतात फक्त टोप्या.

मग जुनी पत्रं काढून बघितली. वर तुम्ही स्वतःच लिहिलं होतं: मु. पो. खिडकी. आणि मी महामूर्ख, तुम्ही घरात अडकून पडला होतात आणि मी त्याला डाव समजून खंदक खणत बसलो. मला फार वाईट वाटलं, वहिनी. वाईट वाटलं म्हणजे मी जाऊन दादाचं सगळं घोडदळ पुन्हा खोक्यात भरलं. हिने ते परत बाहेर काढलं आणि म्हणाली, रडायचं असेल तर पत्र लिहून रडा.

काय झालंय? पाय मोडलाय का? खरं सांगा. तुम्ही म्हणाल तर मी पहिल्या गाडीने येतो आणि तुम्हाला उचलून खाली आणतो. ही म्हणते, वहिनींना उचललेलं आवडणार नाही. म्हणून दुसरा प्रस्ताव: शत्रू मी यापुढे खोट्या बाजारावर हलवणार नाही. तुमच्या जिन्याचा एक टप्पा उतरलात, की पांढऱ्यांची एक मजल. नाही उतरलात तर नाही. टेबल बारा तारखेला असंच राहिलं तरी राहू दे.

मात्र एक सांगतो, हिला तुमच्याशिवाय तो दिवस साजरा करायचा नाही. परवा ती स्वतःशीच म्हणत होती, मोठी जाऊ नसेल तर केक कापायचा कोणासमोर.

तुमचा
(हुद्दा सध्या काढून ठेवलाय)


मु. पो. खिडकी, खरीखुरी
२९ मार्च

भावजी,

हाड मोडलेलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, प्लास्टर दाखवून चारचौघांत मिरवता आलं असतं. भीतीला प्लास्टर घालत नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी पिशव्या घेऊन वर येत होते. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधे एका पायरीची पट्टी सुटली आहे, तिच्यात बूट अडकला. चार पायऱ्या घसरत गेले. बटाटे माझ्या आधी खाली पोचले. गुडघा सुजला, उतरला. डॉक्टर म्हणाले, चालत राहा. घरात चालते. दारापर्यंत जाते, कडी काढते, जिना बघते आणि परत येते. आता तर कडीही काढत नाही. टोपलीला दोरी बांधून खिडकीतून सोडते. फळवाला त्यात फळं टाकतो, पोस्टमन पत्रं टाकतो, ही माझी पत्रंही टोपलीतूनच खाली गेली. गायनबाई विचारतात, तर मी म्हणते, मला वेळ नाही. भावजी, कोट शिवून मी घर चालवलं, पूल ओलांडून रोज दुकानात गेले, तुमचे दादा गेले त्या आठवड्यातसुद्धा. आणि मला एक जिना उतरवत नाही. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

तुम्ही येऊ नका. उचलायचं तर नावच काढू नका. दादांबरोबर सोफा उचलताना तुमची पाठ धरली होती, आणि सोफा माझ्यापेक्षा हलका होता.

प्रस्ताव मान्य. पण माझ्या अटींवर. पांढरोबा आता माझ्या हुकमाखाली आहे. तो कोणत्या रस्त्याने येतो, कुठवर आलाय, हे मी तुम्हाला कळवणार नाही. शत्रू कधी पत्र पाठवून कळवतो का? मला नकाशाची नक्कल पाठवा, आणि तुमचे सगळे नियम. पळवाटा ठेवू नका.

वहिनी


मु. पो. जेवणाचं टेबल
२ एप्रिल

वहिनी,

नकाशा सोबत आहे. नियम मागच्या बाजूला, हिच्या अक्षरात, कारण माझं अक्षर म्हणे औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे.

हुद्दा पुन्हा चढवला आहे. तुम्ही लढायला उभ्या राहिलात तर सरसेनापतीला पर्याय नाही. आणि खिलाडूपणा म्हणून माझी मांडणीही सांगून टाकतो. दोन्ही पूल माझ्या ताब्यात, तोफांसकट. टेकडीवर मुख्य फौज, तोंड नदीकडे. जंगलात मी एकही माणूस ठेवलेला नाही, कारण जंगलातून तोफा जात नाहीत. दादाने दोनदा प्रयत्न केला, दोनदा चिखलात रुतला, दोनदा म्हणाला फासे वाकडे. तेव्हा या पुलावरून. तुमचं स्वागत आहे.

घराचीही तीच तयारी. पुढच्या दाराची घंटा दुरुस्त केली. दादाची दुर्बीण काढून पुसली, फाटकात उभं राहिलं की बसस्टॉपपर्यंत स्पष्ट दिसतं. मागच्या दाराला दुकानातले रिकामे खोके लावून ठेवलेत, तिकडून तसंही कोणी येत नाही.

पट्टी सुटलेली पायरी घरमालकाला सांगून आधी बसवून घ्या. हा हुकूम समजा.

तुमचा
सरसेनापती


मु. पो. जिना
६ एप्रिल

भावजी,

पांढरोबाबद्दल अवाक्षर सांगणार नाही. स्वतःबद्दल सांगते.

पट्टी बसवली. सुतार ठोकत होता तोवर मी वरून ‘अजून एक खिळा’ असं ओरडत होते, शेवटी तो म्हणाला, आजी, खाली येऊन बघा. आजी! रागाच्या भरात मी दुसऱ्या मजल्यापर्यंत कधी उतरले ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा कठडा धरला आणि हलेचना. गायनबाईंनी खुर्ची आणून दिली. आता ही खुर्ची जिन्यातच असते, हे पत्र तिच्यावर बसून लिहितेय. बाई खाली शिकवण्या घेतात. त्यांची एक शिष्या एकच तान रोज त्याच जागी चुकते, आणि रोज पुन्हा सुरुवातीपासून घेते. मला तिचा आधार वाटायला लागलाय.

पुढचा टप्पा तोच, घसरले तो. काल पहिली पायरी उतरून परत आले. कोटाच्या खिशात घोड्याचे पाय टोचतात.

बाराचं नक्की सांगत नाही. आशा दाखवून मग न येणं मला जमणार नाही.

वहिनी


मु. पो. फाटक
१० एप्रिल

वहिनी,

हे पत्र वेळेत पोचणार नाही बहुतेक, तरी लिहितो. तीन दिवस टपाल नाही. शत्रूचा ठावठिकाणा नाही. मी सकाळ-संध्याकाळ दुर्बीण घेऊन फाटकात उभा असतो, शेजारचे आता मला बसच्या वेळा विचारतात.

काल हिने विचारलं, वहिनी नाही आल्या तर? मी म्हटलं, तर मोहीम गेली खड्ड्यात. नकाशा गुंडाळतो, केक इथल्या बेकरीतून घेतो, आणि आपण दोघं तिकडे जाऊन जिन्यातल्या त्या खुर्चीभोवती बसून खाऊ. ही लगेच कबूल झाली. टेबलाचं नावही काढलं नाही तिने. तेव्हा जिवाला लावून घेऊ नका. एक पायरी उतरलात तरी माझ्या लेखी ती कूचच आहे.

मला एकट्याने खेळायचा कंटाळा आलाय, वहिनी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तुमचा
भावजी


मु. पो. तुमचं मागचं दार
११ एप्रिल

भावजी,

बसमध्ये सुरुवात केली म्हणून वरचं अक्षर हललंय. आता तुमच्या मागच्या पायरीवर बसून पुरं करतेय. घंटा इकडे नाही, आणि दारामागे तुमचे खोके आहेत. ठोठावलं तर आतली शिट्टी वाजवत केक करणारी बाई घाबरेल. (धाकटीने केक करायला घेतलाय! वास येतोय. जळतोय.) म्हणून हे दाराखालून सरकवते.

आधी युद्धाचं. तुम्ही लिहिलंत, जंगलातून तोफा जात नाहीत. माणसं जात नाहीत असं नाही लिहिलंत. नियमांतही नव्हतं, मी दोनदा वाचले. पांढरोबाने सगळ्या तोफा नदीकाठी टाकल्या, शेकोट्या तशाच जळत ठेवल्या आणि माणसं घेऊन जंगलात शिरला. रोज खुर्चीपर्यंतचा माझा एक टप्पा, रोज त्याची एक मजल. तुमची सगळी फौज पुलाकडे तोंड करून उभी आहे आणि तो तुमच्या पाठीशी आहे. तुमचे दादा दोनदा रुतले, कारण त्यांना काही मागे सोडवत नसे.

मीही काठी, केकचा डबा आणि पांढरोबा सोडून काही आणलं नाही.

त्या पायरीवर आज पुन्हा थांबले. खिशात पांढरोबाला घट्ट धरलं. खालून त्या मुलीने तान घेतली, नेहमीच्या जागी चुकली आणि पुन्हा सुरुवातीपासून घेतली. मी तिच्याबरोबर उतरले. रस्त्यावर आले तेव्हा रडत होते, तर फळवाला म्हणाला, टोपली कुठे? त्याने मिशा काढून टाकल्या आहेत. मला माहीतच नव्हतं.

बसमधून एक थांबा आधी उतरले. मागच्या गल्लीत वळायच्या आधी तुमच्या कोपऱ्यावर उभी राहून तुम्हाला बघितलं. तुम्ही फाटकात, दुर्बीण लावून, भलत्याच दिशेला. मग दमून दुर्बीण खाली घेतलीत आणि डोळे पुसलेत. इतके दिवस मी माणसांच्या टोप्या आणि छत्र्याच बघत होते, भावजी. तुम्ही वाळला आहात. दाढी नीट केलेली नाही. कोटाची बटणं मात्र योग्य बाजूला आहेत.

तुमचं टेबल शत्रूच्या हाती पडलं. उद्या त्यावर आपण सगळे जेवणार, आणि जेवण झालं की पुन्हा मांडायचं. पांढरे माझे. तुम्ही निळे घ्या, आणि माझ्या वतीने विचार करायचं बंद करा.

आता खोके बाजूला करा आणि दार उघडा. गुडघा ठणकतोय आणि केक एका बाजूला घसरलाय.

वहिनी